मधल्या फळीतला बिल्डर

वीसेक वर्षं मी लोकांच्या शिव्या खाल्ल्या. कमावून खाल्ल्या, फुकटच्या नाहीत. पांढरा सफारी, काळा चष्मा, गळ्यात सोन्याचा मुलामा दिलेली चेन आणि हातात किल्ल्यांचा हा एवढा जुडगा घेऊन मी पडद्यामागून बाहेर आलो, की समोरच्या खुर्च्यांतून एकच ओरडा व्हायचा, ‘ताबा कधी?’ मी चष्मा नाकावर खाली ओढायचो, किल्ल्या खुळखुळवायचो आणि बोट वर करून ओरडायचो, ‘पुढच्या महिन्यात.’ मग माझ्या सात पिढ्यांचा उद्धार व्हायचा. विरार-नालासोपाऱ्यात फ्लॅटच्या ताब्यासाठी ज्याने चपला झिजवल्या नाहीत असा माणूस शोधावा लागेल. खऱ्या बिल्डरच्या ऑफिसात त्यांना आवाज चढवता येत नव्हता, तो ते माझ्यावर चढवायचे. तिकीट काढून चढवायचे.

आमची कुस्ती मातीतली नव्हे. लाकडी फळ्यांच्या चौथऱ्यावर, दोरांच्या आत, दिवे आणि गाणी लावून होते ती. निकाल आधी ठरलेला असतो. हे मी आधीच सांगून टाकतो, म्हणजे ‘मग ते खोटंच ना?’ असं डोळे बारीक करून विचारायची कोणाला गरज उरणार नाही. नाटकातला राजा मेला तरी प्रयोग संपल्यावर घरी जाऊन जेवतो, त्याला कोणी खोटारडा म्हणत नाही. आम्हाला म्हणतात. आणि राजाला दर प्रयोगात डोक्याएवढ्या उंचीवरून पाठीवर आपटून घ्यावं लागत नाही, हे कोणी लक्षात घेत नाही.

मी मधल्या फळीतला. पहिली कुस्ती लोकांना खुर्चीत बसवायला असते आणि शेवटची त्यांना खुर्चीवर उभं करायला. या दोन्हींच्या मधे जो वेळ असतो तो फार वाईट. लोकांना तहान लागते, वडापावची गाडी आठवते, पोरं रडायला लागतात. त्या वेळी आम्हाला पाठवतात. समोर बहुतेक वेळा एखादा नवा असतो. दंड फुगलेले, पण पडायचं कसं ते ठाऊक नाही. त्याला सांभाळायचं, त्याच्या चुका आपल्या अंगावर झाकायच्या आणि पाच-दहा मिनिटांत लोकांना पटवून द्यायचं की हा पोरगा जबरदस्त आहे. तो जबरदस्त कधी दिसतो? मी नीट पडलो तर. त्याच्या ठोशात जोर किती, हे माझ्या मानेवर ठरतं. आज ज्यांचे फोटो बॅनरवर झळकतात त्यांतला एकही असा नाही जो आधी माझ्या अंगावर मोठा झाला नाही. मी हे बढाई म्हणून सांगत नाही. बढाई मारायची असती तर बॅनरवर गेलो असतो.

हे सगळं सुरू केलं आम्ही दोघांनी. तो आणि मी जोडीने उतरायचो, म्हणून मी त्याला जोडीदारच म्हणायचो, आणि ते नाव पुढे सगळ्यांनीच उचललं. नालासोपाऱ्यातल्या एका वेल्डिंगवाल्याकडून लोखंडी सांगाडा करून घेतला, वर फळ्या, फळ्यांवर गादी, गादीवर ताडपत्रीचं कापड. पण ते मांडायचं कुठे? मनवेलपाड्यात जोडीदाराच्या चाळीसमोर दोन स्कूटर शेजारी उभ्या राहत नव्हत्या. शेवटी आमच्या गास गावातल्या घरामागचं भाताचं खळं बाबांनी दिलं. तोंडाने ‘कसली ही नाटकं’ म्हणत दिलं, पण दिलं. त्या वर्षी त्यांनी स्वतःची झोडणी शेजाऱ्याच्या खळ्यावर जाऊन केली, कारण आमच्या खळ्यात आम्ही दोघं एकमेकांना उचलून आपटत होतो. दुपारी माझी आई जोडीदाराला हाताला धरून जेवायला बसवायची. तो सुक्या बोंबलाच्या कालवणावर तुटून पडायचा आणि म्हणायचा, ‘काकी, मी इथेच राहतो आता.’

बाबांचं एक होतं. खाडीकडची आमची थोडी भातशेती आणि घराजवळचा भेंडी-वांग्याचा तुकडा, एवढंच त्यांचं जग, पण त्या जगावर गेली कित्येक वर्षं लोकांचा डोळा आहे. बिल्डरची माणसं येतात, गाडी रस्त्यावर लावून, हातात फाइल घेऊन. बाबा कोणावर ओरडत नाहीत. ओट्यावर बसवतात, सगळं ऐकून घेतात आणि मग आत हाक मारतात, ‘पानी आना गं.’ पाणी येतं. बाबा म्हणतात, ‘तुमी पानी प्या. ऊन हाय.’ एवढंच. त्यानंतर चहा येत नाही. चहा आपल्या माणसाला, असा त्यांचा नियम. तहानलेला जाऊ नये, पण बसूही नये. समोरचा पाणी पितो, दोन मिनिटं चहाची वाट बघतो, आणि मग त्याला कळतं. बाबांची ही ‘पानी प्या’ची बोली जोडीदाराने कितीदा तरी बघितली होती. असाच एक एजंट चडफडत निघून गेल्यावर त्याच ओट्यावर चहा पिता पिता तो मला म्हणाला होता, ‘तू रिंगणात हाच हो. बिल्डर हो. लोक फाडून खातील तुला.’

लोकांनी खाल्लं, धंदा चालला. बाबांना मात्र ते लागलं. नालासोपाऱ्याच्या बाजारात कोणीतरी त्यांना म्हणालं, तुमचा मुलगा बिल्डर झालाय म्हणे, लोक आईबहिणीवरून शिव्या देतात म्हणे. बाबा घरी आले, भाजीची पाटी ठेवली आणि मला एवढंच म्हणाले, ‘दुसरं काय मिलालं नाय तुला?’ त्यानंतर त्यांनी या विषयावर तोंड उघडलं नाही आणि आमचा एकही खेळ बघितला नाही. आई गेली तीही न बघताच. वीस वर्षं मी गावोगाव पडत होतो आणि माझ्या बापाला एवढंच ठाऊक होतं की लोक मला शिव्या घालतात. ते का घालतात, त्या शिव्या म्हणजेच माझ्या टाळ्या कशा, हे त्यांना समजावायला मी कितीदा बसलो आणि कितीदा उठलो.

गेल्या वर्षी गुडघ्याने मान टाकली. डॉक्टर म्हणाले, आता उड्या बंद, नाहीतर काठी घ्या. मी जोडीदाराला सांगितलं की पुरे झालं. तोवर जोडीदाराला कुस्ती सोडून बरीच वर्षं झाली होती, तो आता खेळ लावायचा, कोण कोणाशी लढणार ते ठरवायचा. त्याने मला मिठीच मारली. डोळ्यांत पाणीही आणलं, आणि तेव्हा ते खरं असावं, असं मला अजून वाटतं. तो म्हणाला, ‘शेवटची कुस्ती मनवेलपाड्याच्या मैदानात. त्या नव्या पोराला तू वर चढव, नीट वेळ घेऊन, आणि मग माईक तुझा. काय बोलायचं ते बोल.’

माईक म्हणजे काय, ते बाहेरच्याला कळणार नाही. आमच्यात माईक शेवटच्या कुस्तीवाल्यांना मिळतो. मधल्या फळीने हातवाऱ्यांवर आणि घशावर भागवायचं. वीस वर्षांत माझ्या हातात एकदाही माईक आला नव्हता.

पुढचं जोडीदारच म्हणाला, मी मागितलं नव्हतं. ‘बाबांना आण,’ तो म्हणाला. ‘पहिल्या रांगेत बसवू.’ आणि तेवढ्यावर थांबला नाही. स्वतः गासला आला, बाबांच्या पाया पडला, ओट्यावर चहा प्यायला आणि म्हणाला, ‘बाबा, या वेळी यायचंच. आमचा शब्द आहे.’ बाबा बराच वेळ पायाच्या अंगठ्याने जमीन उकरत बसले. मग मला विचारलं, तू त्या दिवशीही बिल्डरच असणार का. मी म्हटलं, सुरुवातीला असेन, शेवटी नाही, शेवटी मी माझं स्वतःचं बोलणार आहे.

‘मंग शेवट बघाया येतो,’ बाबा म्हणाले.

काय बोलायचं ते मी भेंडीच्या वाफ्यांत उभा राहून पाठ केलं. बायको हसायची, भेंडी ऐकून कंटाळली म्हणायची. चार वाक्यं होती. सफारीचा कोट काढणार होतो, चष्मा काढणार होतो आणि सांगणार होतो की मी बिल्डर नाही. तो समोर पांढऱ्या टोपीत बसलाय, त्याचा मी मुलगा. त्या माणसाने आजवर एक गुंठाही विकलेला नाही, आणि ज्या रिंगणात तुम्ही मला शिव्या घातल्या ते पहिल्यांदा त्याच्या खळ्यात उभं राहिलं. आज टाळ्या वाजवायच्या तर त्याला वाजवा. बस. एवढ्यासाठी मी तो गुडघा बांधून शेवटचा उतरणार होतो.

खेळाच्या दिवशी मैदान भरलं होतं. चारी बाजूंना इमारती, त्यांच्या गॅलऱ्यांतही माणसं. पहिल्या रांगेच्याही पुढे दोन सोफे टाकले होते. मी विचारलं तर कळलं की मुंबईहून एका मोठ्या कंपनीची माणसं येणार आहेत, कॅमेरे घेऊन. त्यांना आमचा खेळ विकत घ्यायचा होता की चालवायला हवा होता, कोणी धड सांगेना. जोडीदार इस्त्रीच्या शर्टात घामाघूम फिरत होता. मी बाबांना आणि बायकोला जागेवर बसवून आत आलो.

आमच्यात एक रीत आहे. ज्याच्याशी लढायचं त्याच्याबरोबर आधी एका ताटात खायचं. मोठं काही नाही, पोहे, वडापाव, असेल ते. थोड्या वेळाने तुमची मान त्याच्या हातात असणार आणि त्याची तुमच्या हातात, त्याआधी एकत्र दोन घास पोटात गेलेले बरे, एवढाच विचार. ही रीत आमच्याच खळ्यात सुरू झाली, आईच्या ताटावर. तो नवा पोरगा मनवेलपाड्याचाच, जिममधून आलेला, मी त्याला वर्षभर पडायला शिकवलं होतं. मी प्लेट घेऊन त्याच्यापाशी गेलो तर तो बुटांच्या नाड्या बांधत राहिला. ‘काका, आज माझा शनिवारचा उपवास आहे,’ म्हणाला. मी म्हटलं, बरं बाबा, आणि त्याच्या वाटचा वडाही मीच खाल्ला. मला काही म्हणजे काही शंका आली नाही. इतका मी मूर्ख.

कुस्ती सुरू झाली. ‘ताबा कधी?’चा असा दणका उठला की माझ्या अंगावर काटा आला. मी पायऱ्यांवर थांबून किल्ल्या दाखवल्या, गॅलऱ्यांतल्या बायकांनाही दाखवल्या, एका आजीने वरून चप्पल उगारली. मनात म्हटलं, बघा बाबा, हे प्रेम आहे. मग पोराला मी दोन-तीनदा सफाईने पाडलं, पाठीत लाथ घातली, पंचाची नजर चुकवून त्याच्या डोळ्यांत बोटं घातली. लोक पेटले. आता हळूहळू त्याला उठू द्यायचं होतं, म्हणून त्याच्या पहिल्या ठोशाला मी आडवा झालो. अजून अर्धी वाटही झाली नव्हती.

तेवढ्यात पंच माझ्याजवळ वाकला. पंचाचं आमच्यात खरं काम निरोप्याचं असतं. पडलेल्याला तपासतोय असं दाखवून तो पडद्यामागचा निरोप कानात सांगतो. आणि एक नियम आहे की पंचाच्या तोंडून आलेल्या निरोपावर रिंगणात वाद घालायचा नाही. अगदी सुरुवातीच्या काळात एका जत्रेत आम्ही दोघं रिंगणातच हुज्जत घालत बसलो होतो. त्या गडबडीत जोडीदार वेडावाकडा पडला आणि त्याचं गळपट्टीचं हाड मोडलं. त्याला स्कूटरवर मागे बांधून मी हॉस्पिटलात नेलं होतं. त्यानंतर तो नियम आम्ही केला. म्हणजे मीच केला.

पंच म्हणाला, ‘आता संपवायचं. लगेच. आणि नंतर माईक नाही.’

मी त्याच्याकडे बघितलं. तो माझ्याकडे बघेना. पोरगा कोपऱ्यात उभा होता, अजिबात दमलेला नव्हता, आणि मी उठायच्या आत माझ्या कमरेला हात घालायला पुढे आला होता. तेव्हा माझ्या डोक्यात लखकन उजेड पडला. उपवास वगैरे काही नव्हता. याला सकाळपासून माहीत होतं. पंचाला माहीत होतं. दिवे लावणाऱ्याला, गाणी लावणाऱ्याला, सगळ्यांना माहीत होतं. कोणाला नव्हतं तर एका मला, आणि समोर पांढऱ्या टोपीत बसलेल्या माझ्या बापाला.

‘सॉरी काका,’ पोरगा माझ्या खांद्यात तोंड खुपसून म्हणाला, आणि त्याने माझं मनगट दाबलं. ही आमची खूण. तयार आहेस का, असं तो विचारतो आणि तयार असाल तर तुम्ही उलट दाबता. मी दाबलं नाही. तो मला खांद्यावर उचलणार होता. आता एक गोष्ट सांगतो. आमच्यात कोणी कोणाला उचलत नाही. उचलला जाणारा उडी मारतो. नव्वद किलोचा माणूस जमिनीला धरून राहिला तर कितीही दंड फुगवा, तो हलत नाही. मी नुसता उभा राहिलो असतो तरी मुंबईच्या सोफ्यांसमोर, कॅमेऱ्यांसमोर त्या पोराची शोभा झाली असती, आणि जोडीदाराची तर वाटच लागली असती. मला ते हवं होतं. देवाशपथ हवं होतं. माझ्या आयुष्यात मला इतका राग कधी आला नव्हता.

पण पोराने जोर लावायला सुरुवात केली होती, आणि वाकलेल्या कमरेने असा जोर लावला की पाठ जाते. मीच त्याला सांगितलं होतं ते. त्याने पुन्हा मनगट दाबलं, या वेळी घाबरून. मी दाबलं. उडी मारली. त्याच्या खांद्यावर गेलो, हात-पाय झाडले आणि असा पडलो की फळ्यांच्या आवाजाने इमारतीवरची कबुतरं उडाली. पंचाने तीनपर्यंत मोजलं. लोक खुर्च्यांवर चढले. इतकं स्वच्छ पडणं मला आधी कधी जमलं नव्हतं, आणि ते कोणासाठी, तर ज्यांनी माझा केसाने गळा कापला त्यांच्यासाठी.

दोरांखालून बाहेर आल्यावर मी घोषणा करणाऱ्याच्या टेबलापाशी गेलो. त्याने माईकवर पंजा ठेवला आणि पडद्याकडे बघितलं. पडद्याच्या फटीत जोडीदार उभा होता. त्याने नाही म्हणून मान हलवली. मग गाणं लागलं, दिवे पोरावर गेले आणि मी काळोखात किल्ल्या शोधत राहिलो.

आत गेल्यावर मी आरडाओरडा केला नाही. जोडीदारच बोलत सुटला. मुंबईच्या माणसांना वेळ कमी होता, त्यांनी खेळाचा क्रम बघितला आणि म्हणाले, सुरुवात ठेवा, शेवट ठेवा, हे मधलं काय लावलंय, मधलं कमी करा. त्यांना चेहरे हवेत, तरुण हवेत. त्यांनी त्याला पुढेही ठेवणार म्हणून सांगितलं होतं, खेळ लावायचं काम त्याच्याकडेच राहणार होतं. तो हे सगळं जमिनीकडे बघून सांगत होता.

‘मला सकाळी का नाही सांगितलंस?’ मी विचारलं.

‘सांगितलं असतं तर तू उतरला नसतास,’ तो म्हणाला.

मी उतरलो असतो की नसतो, ते मला अजून ठाऊक नाही. पण त्याला ते स्वतःच ठरवून टाकता आलं, याचाच मला जास्त राग आहे. मी म्हटलं, बाबा बाहेर बसलेत. तो म्हणाला, ‘बाबांना मी समजावतो,’ आणि सोफ्यांकडे गेला. बाबांकडे गेला नाही, हे सांगायची गरज नाही.

मी तोंड धुतलं, गुडघ्यावर बर्फ लावला आणि मागच्या बाजूला प्लायवुडच्या ढिगावर बसून राहिलो. बाहेर जायची हिंमत नव्हती. मला वाटलं, बायको बाबांना घेऊन रिक्षाने निघून गेली असेल. पुढच्या कुस्त्या झाल्या, शेवटची झाली, माईकवर कोणी कोणी बोललं, फटाके झाले. सगळं शांत झाल्यावर मी बाहेर आलो. मैदानात पोरं खुर्च्या एकात एक घालून उचलत होती. सगळ्या रांगा गेल्या होत्या. पहिल्या रांगेतल्या दोन खुर्च्या मात्र तशाच होत्या. त्यांतल्या एका खुर्चीवर बाबा बसले होते, टोपी मांडीवर ठेवून, आणि शेजारी बायको उभी होती.

बायकोने नंतर सांगितलं. माझी कुस्ती संपल्यावरच ती त्यांना म्हणाली होती, चला, झालं. ते हलले नाहीत. दर कुस्ती संपली की ती म्हणायची चला, आणि ते म्हणायचे, ‘थांब. तो शेवटी बोलनार हाय.’ खुर्च्या उचलणाऱ्या पोरालाही त्यांनी तेच सांगितलं होतं.

गासला रिक्षातून उतरल्यावर बाबांनी माझ्या गुडघ्याकडे बघितलं आणि माझा हात धरून मला घरापर्यंत नेलं. मी त्यांना धरायला हवं होतं.

पुढचं सगळं मला इतरांकडून कळत राहिलं. नव्या कंपनीने मधली फळी काढूनच टाकली. सगळेच चेहरे, सगळेच हिरो. पहिल्या खेळाला तुडुंब गर्दी, दुसऱ्याला निम्मी. हिरो हिरोशी लढला की दोघांपैकी कोणालाच नीट पडता येत नाही, आणि पडायचंही नसतं. कोणावर चिडायचं तेच लोकांना कळेना, तर जिंकल्याचा आनंद कसला होणार? लोक वडापाव खायला उठायचे ते परत यायचे नाहीत. त्या पोराला दुसऱ्या एका नव्याने चुकीचं आपटलं आणि त्याचा खांदा निखळला. त्या पोराचं वाईट वाटलं. त्याला मी पडायला शिकवलं होतं, पण पाडायचं कसं ते त्या दुसऱ्याला शिकवायला मी तिथे नव्हतो. बाकीच्यांचं सांगायचं तर मला बरं वाटलं, चांगलं वाटलं, आणि ते लपवायचं मला काही कारण दिसत नाही.

मग एका दुपारी जोडीदार गासला आला. गाडी रस्त्यावर लावून आला, कारण गाडी नवी होती आणि आमची वाट अरुंद. हातात फाइल होती. बाबा ओट्यावर दोरी वळत बसले होते. तो त्यांच्या पाया पडला आणि माझ्याकडे वळून बोलू लागला. मुंबईच्या माणसांना आता चूक कळली आहे. मधे दम नाही, असं तेच म्हणतात. त्यांना बिल्डर परत हवा आहे. गुडघ्याला जपून, अर्धीच कुस्ती, बाकी सगळं तोंडाने. माईक कायमचा माझा. पोरांना शिकवायचं कामही माझं. त्याने फाइल माझ्या मांडीवर ठेवली आणि जुन्या दिवसांतल्यासारखा माझा खांदा दाबला.

आता खरं सांगतो, मी हो म्हणणार होतो. इतका सगळा राग पोटात असताना माझा जीव तिकडे ओढत होता. किल्ल्यांचा जुडगा अजून खुंटीला होता. आत बायकोने गवती चहाची पात टाकून आधण ठेवलं होतं, त्याचा वास ओट्यावर आला होता. मी फक्त एवढंच विचारलं, की बाबांसमोर मला जे बोलायचं होतं ते कधी बोलता येईल.

‘नक्की,’ जोडीदार म्हणाला. ‘या वेळी शब्द देतो. पुढच्या महिन्यात विरारला मोठा खेळ आहे.’

बाबांचे हात दोरीवर थांबले. त्यांनी मान वर केली आणि त्याच्याकडे बघितलं. ज्या माणसाला ते वीस वर्षं ‘पोरा’ म्हणत आले, अरे-तुरे करत आले, त्याच्याकडे ते बघत राहिले. मग आत तोंड करून म्हणाले, ‘सूनबाय, पानी आन.’

आत भांडं वाजलं. बायको दारात आली, बाबांच्या चेहऱ्याकडे बघितलं आणि परत गेली. गॅस बंद केल्याचा आवाज आला. ती तांब्या-भांडं घेऊन बाहेर आली आणि जोडीदाराच्या हातात भांडं दिलं.

‘तुमी पानी प्या,’ बाबा त्याला म्हणाले. ‘ऊन हाय.’

जोडीदाराला दोन मिनिटं थांबावं लागलं नाही. तो हसायला गेला, त्याला हसू जमलं नाही. तो पाणी प्यायला, त्याने भांडं ओट्याच्या कडेला ठेवलं आणि फाइल माझ्या मांडीवरून उचलून घेतली. मी त्याला थांब म्हटलं नाही. जा असंही म्हटलं नाही. गाडी वळवताना त्याने दोनदा मागेपुढे केलं, मग ती गेली.

बायकोने गॅस पुन्हा लावला आणि तिघांचा चहा आणला. बाबांनी बशीत ओतून फुंकर मारली. मग माझ्याकडे न बघता विचारलं, ‘त्या दिशी तू काय बोलनार व्हतास?’

चारही वाक्यं मला पाठ होती, आजही आहेत. मी तोंड उघडलं. पण ती भरल्या मैदानासाठी होती. त्या गॅलऱ्या हव्या होत्या, ती चप्पल उगारणारी आजी हवी होती. मला वीस वर्षं शिव्या घालणाऱ्या त्या सगळ्यांनी वळून या माणसाकडे बघायला हवं होतं. ओट्यावर, दोरीच्या भेंडोळ्यासमोर, त्यांच्याच तोंडावर मी कसं सांगणार होतो की यांना टाळ्या द्या? कोणी द्यायच्या होत्या?

‘काय नाय,’ मी म्हटलं. ‘सगल्यांचे आभार माननार व्हतो.’

‘मानायचे मंग,’ बाबा म्हणाले, आणि चहा पिऊ लागले.